कोंडलेली हवा

सूर्यमाळच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर आमचा पाडा आहे. मी मूळचा निफाडकडचा. इथल्या शाळेवर येऊन मला सात वर्षं झाली, आणि या सात वर्षांत मला सर्वात जास्त अडचणीत कोणी आणलं असेल तर ते ना केंद्रप्रमुखांनी, ना तपासणीला येणाऱ्या साहेबांनी. जमुनाबाईने.

पाड्याच्या खालच्या अंगाला पाच-सहा घरांची कातकरी वाडी आहे. तिथे जमुना आणि तिचा नवरा राघो राहतात. वय विचारलं की ती म्हणते, "पन्नास लिहा." मी आलो त्या वर्षीही तिने पन्नासच लिहायला सांगितलं होतं. अंगाने सडपातळ, बोलणं थोडं, आणि नजर कायम कुठेतरी धूर दिसतोय का ते शोधत असलेली.

त्याला कारण आहे. तिचा आजा रानात कोळसा पाडायचा. लाकडं रचून त्यावर माती लिंपायची, आत विस्तव सोडायचा, आणि धुराकडे बघत बसायचं. पाचसहा वर्षांची जमुना त्याच्या शेजारी बसायची. "धवळा धूर म्हंजे लाकडातलं पानी जातंय," ती मला एकदा सांगत होती, "निळा झाला का लिंपनातली वाऱ्याची भोकं बुजवायची. उशीर केला तर सगळी राख." पुढे लग्न झालं आणि दरसाल दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जाणं सुरू झालं. तिथेही भट्टी लागली की मुकादम राघोला नाही, जमुनाला हाक मारायचा. कुठल्या तोंडाला जास्त जळतंय, कुठे विटा कच्च्या राहणार, हे ती लांबून सांगायची. लिहिता-वाचता येत नाही, पण विस्तवाच्या बाबतीत तिचा शब्द कोणी खाली पडू देत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी राघो विटांच्या थरावरून घसरला. गुडघा कायमचा वाकडा झाला, आणि त्या दिवाळीनंतर दोघं पहिल्यांदाच पाड्यावर राहिली. नेमकं त्याच महिन्यात यंत्र आलं.

आमची विहीर पाड्याच्या खाली, ओढ्याच्या काठाला आहे. बायका हंडे घेऊन चाळीस फुटांचा चढ चढतात. आधी एका योजनेतून सोलरचा पंप बसला होता. एका वादळात त्याच्या काचा उडाल्या, आणि दुरुस्तीला म्हणून गेलेला माणूस काही परत आला नाही. डिझेलचा पंप परवडत नाही. मग नाशिकच्या एका संस्थेने प्रयोग म्हणून काटक्यांवर चालणारा पंप आणला. तो बसवायला आली हर्षदा. पलीकडच्याच गावची, शेतकऱ्याच्या घरातली, पॉलिटेक्निक करून संस्थेत लागलेली. वय असेल पंचवीस.

समाजमंदिरात बैठक झाली. यंत्र चालवायला माणूस हवा, म्हटल्यावर चारपाच पुरुष पुढे सरकले. रोज सकाळी काटक्या गोळा करायच्या आणि दोन तास भट्टीपुढे बसायचं, हे कळल्यावर तितकेच मागे सरकले. "हे बायकांचं काम," एकजण म्हणाला.

हर्षदाने बायकांकडे वळून विचारलं, "विस्तव सगळ्यात चांगला कोणाला राखता येतो?"

सगळ्या बायकांनी एकाच दिशेला बघितलं. जमुना दाराजवळ बसली होती. ती उठून जायलाच निघाली होती.

ज्याच्या शेताच्या बांधाला विहीर लागून आहे तो ढवळूबाबा कुरकुरला. "वाडीतली बाई येवढं मशीन चालवील?" पण त्याच्याच सुनेने डोक्यावरचा पदर नीट करत म्हटलं, "हंडे तुम्ही वाहता का?" आणि तो विषय तिथेच संपला.

यंत्र दिसायला साधं होतं. एक उभं, जाड लोखंडी नळकांडं. त्याचा तळ भट्टीत. वरच्या भागाला दुहेरी भिंत, त्या भिंतीच्या पोटातून विहिरीचं थोडं पाणी एका बारीक नळीने फिरून परत विहिरीत पडणार. नळकांड्याच्या तोंडाशी दट्ट्या, म्हणजे पिस्टन. त्याला दांडा, दांड्याला मोठं चाक आणि चाकाला पंप. भट्टी पेटवायची, पंधरा मिनिटं थांबायचं, चाकाला हाताने एक हिसका द्यायचा. मग थुप्-थुप् असा मऊ आवाज करत ते आपलं आपण फिरत राहायचं आणि वर टाकीत पाणी पडायचं. पहिल्या दिवशी पाणी पडलं तेव्हा पोरं टाकीवर चढली. जमुना मात्र यंत्राभोवती फिरत होती. पुढून, मागून, वाकून, खालून.

"हर्षदाताई, ह्याचा धूर कुठनं बाहेर पडतो?"

"तो काय, भट्टीच्या धुराड्यातून."

"तो माझ्या काटक्यांचा. ह्याचा स्वताचा?"

"याला धूरच नाही, मावशी. आत काही जळत नाही. आत फक्त हवा आहे, कोंडलेली."

"मोटरसायकलीला पेट्रोल घालतात. ह्येला आत काय घालायचं?"

"काहीच नाही."

"म्हंजे आत कायच जात नाय, बाहेर कायच येत नाय?"

"नाही. तीच हवा."

"रोजची तीच?"

"रोजची तीच."

जमुनाने नळकांड्यावर बोटाने टकटक केलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाली, "शिळी नाय होत?"

हर्षदा हसली, मीही हसलो. जमुना हसली नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि ते आम्ही दिलं नाही.

तीनचार दिवसांनी मी चौथीच्या वर्गात हवेचा पाठ घेत होतो. बाटलीच्या तोंडाला फुगा लावला होता आणि बाटली गरम पाण्यात धरली होती. फुगा ताठ उभा राहिला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. दारात जमुना उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

"गुरुजी, हे तेच ना? यंत्रातलं?"

"तेच," मी खूश होऊन म्हणालो. "हवा तापली की प्रसरण पावते."

"परसरन म्हंजे?"

"पसरते. फुगते. तिला जास्त जागा लागते. म्हणून ती दट्ट्याला वर ढकलते."

"ते समजलं," ती म्हणाली. "फुगली, दट्ट्या वर गेला. गेला तर गेला. मग तो खाली कोन आनतं? आग तर खालीच हाय. इझली नाय."

मी म्हणालो, "चाकाचा जोर आणतो."

"चाकाला जोर कुठनं आला?"

"दट्ट्याने दिला."

"दट्ट्यानं चाकाला दिला, चाकानं दट्ट्याला दिला. मग पंपाला कोनी दिला?"

मुलं माझ्याकडे बघत होती. पंधरा वर्षं मी हा पाठ शिकवतोय. फुगा फुगतो, टाळ्या वाजतात, पुढचा पाठ. फुगा परत कसा बसतो हे मला एकाही मुलाने विचारलं नव्हतं. मी "नंतर सांगतो" म्हणालो. शाळा सुटल्यावर पुस्तक उघडून बसलो, पण त्यातही फुगा फुगण्यापर्यंतच होतं.

समजो न समजो, जमुना यंत्र उत्तम चालवायची. घाणेरीच्या वाळल्या काटक्या, भाताचा तूस, झाडाखालचा वाळला पातेरा, कशाला किती वारा द्यायचा हे तिला पहिल्या आठवड्यात जमलं. बसल्या बसल्या ती नळकांड्याच्या वरच्या भागाला पाठ टेकायची. तो माठासारखा गार असायचा. राघो काठी टेकत यायचा आणि समोर उकिडवा बसून दट्ट्याकडे टक लावायचा. "आत कोन बसलंय का गं?" तो विचारायचा. "बसलं आसतं तर भाकर मागितली नसती?" ती म्हणायची. डिसेंबर गेला, होळी गेली. एक दिवस पाणी चुकलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात यंत्र थांबलं.

सकाळी नेहमीसारखं सुरू झालं. तासाभराने चाक मंदावलं, एकदा मागे-पुढे झुललं आणि उभं राहिलं. जमुनाने हिसका दिला. चार फेरे, परत उभं. तिने भट्टीत काटक्या सारल्या. परत हिसका. दोनच फेरे. वर टाकीजवळ हंड्यांची रांग लागली होती आणि बायका खाली ओरडून विचारत होत्या. जमुनाने जाळ इतका वाढवला की तळ लाल दिसायला लागला. चाक हललंसुद्धा नाही.

दुपारी भट्टी विझली, सगळं थंड झालं. दुसऱ्या सकाळी पुन्हा पेटवलं तर यंत्र मुकाट्याने चालू. तास झाला आणि पुन्हा उभं.

तिने मला फोन लावायला सांगितला. हर्षदा म्हणाली, "कुठून हवा गळत असेल. सांध्यांना साबणाचा फेस लावून बघा." आम्ही फेस लावला. कुठेही बुडबुडा नाही. दोन दिवसांनी हर्षदा स्वतः आली. यंत्र खोललं, दट्ट्याचं चामडी वायसर बदललं, तेल घातलं. लाल झालेला तळ बघून ती जमुनाला रागावली, "एवढा जाळ नका घालू मावशी, लोखंड जळून जाईल." जमुना मान खाली घालून ऐकत होती. जोडल्यावर यंत्र झकास सुरू झालं. अर्धा तास चाललेलं बघून हर्षदा समाधानाने एसटी गाठायला निघून गेली. ती खोडाळ्याच्या फाट्यापर्यंतही पोचली नसेल, इकडे चाक थांबलं.

मग ढवळूबाबा खाली आला. "लाकूडच फालतू तुझं," तो म्हणाला. "काटक्यांवर कुठं मशीन चालतं? धावडा घाल." आणि खरंच, त्याने आपल्या अंगणातलं धावड्याचं वाळकं लाकूड पाठवलं. धावडा म्हणजे निखारा तासन् तास टिकणारा. त्या दिवशी यंत्र अर्ध्या तासातच थांबलं.

दुसऱ्या दिवशी जमुनाला बरं नव्हतं. अंगात कणकण होती. तिने नुसता पातेरा आणि अर्धा ओला तूस टाकून कशीबशी धग केली. तेलकट धूर, जाळ नावाला. यंत्र रडतखडत फिरलं, पण दोन तास फिरलं.

त्या संध्याकाळी ती माझ्या खोलीसमोर येऊन बसली. चहा दिला तो तसाच निवत राहिला.

"गुरुजी, चांगलं लाकूड घातलं तर लवकर थांबतं. वाईट घातलं तर चालतं. आसं आसतं का कुठं?"

"नसतं," मी म्हणालो. मला तसंच वाटत होतं.

"तीनदा बघितलं. योगायोग नाय." ती हाताच्या तळव्याकडे बघत होती. "जलम इस्तवात गेला माझा. आजा म्हनायचा, जमी, आग कधी खोटं बोलत नाय. आता बोलाया लागली. मला वाटतं मलाच काय समजंनासं झालंय. ढवळूबाबा म्हनतात, यंत्र त्यांच्या पुतन्याला द्या. देऊन टाका."

त्या रात्री अंथरुणावर मीही तेच उलटसुलट करत राहिलो. जास्त आग म्हणजे जास्त तापलेली हवा, जास्त तापलेली हवा म्हणजे जास्त फुगणं, जास्त फुगणं म्हणजे जास्त जोर. यात चुकतंय कुठे? पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर होतं आणि यंत्र थांबत होतं.

सोमवारी हर्षदा पुन्हा आली. आता तिचा चेहराही उतरला होता. संस्थेतल्या मोठ्या साहेबांनी तिला विचारलं होतं की, बाई नीट चालवत नाही का? हे तिने फक्त मला सांगितलं, पण जमुनाला ते न सांगताच कळलं असावं. शेवटचं एकदा करून दाखवते, मग हे दुसऱ्या कोणाला द्या, असं म्हणून जमुनाने भट्टी पेटवली. मी शाळा तासभर उशिरा भरवली आणि खाली गेलो. ढवळूबाबाही बांधावर येऊन उभा होता.

तास झाला. चाक मंदावलं. झुललं. थांबलं.

"बघितलं ना, ताई?" जमुना म्हणाली, आणि थकून नेहमीच्या सवयीने मागे टेकली.

ती किंचाळून उठली. लुगड्यातून पाठ भाजली होती.

"काय झालं?"

"तापलंय! हे वरचं तापलंय!" ती पाठ चोळत नळकांड्याकडे बघत होती. "हे तर गार आसतं. मी रोज टेकते."

"मग या आठ दिवसांत टेकला नाहीत का?" मी विचारलं.

"टेकायला सवड कुठं होती? सारखी आगीपुढंच वाकलेली."

हर्षदाने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. ती विहिरीत डोकावली. बारीक नळीतून परत पडणारी पाण्याची धार तिथे असायला हवी होती. नव्हती. एक थेंबही नव्हता.

"पोतं आणा, ओलं करून," ती म्हणाली.

जमुनाने गोणपाट विहिरीत बुडवून आणलं आणि नळकांड्याच्या वरच्या भागाला गुंडाळलं. चर्रर्र आवाज झाला, वाफ निघाली. दुसरं पोतं. तिसरं. हर्षदाने चाकाला हिसका दिला.

थुप्. थुप्. थुप्-थुप्.

ढवळूबाबा बांधावरून दोन पावलं खाली आला. "आग वाढवली तर थांबलं," तो म्हणाला, "आनि पानी ओतलं तर चालू झालं? ही कसली गंमत?"

हर्षदाने कपाळावर हात मारून घेतला. मग तिने खुलासा केला. विहिरीचं पाणी तळाला गेल्यावर पंपात गाळ यायला लागला होता. मोठ्या पाइपातून तो निघून जात होता, पण ती बारीक नळी चोंदली होती. वरच्या भागाला गारवा मिळणं बंद झालं होतं. आग वाढवावी तितका तो भाग लवकर तापत होता.

"तापला तर काय बिघडलं?" जमुनाने विचारलं. "हवा तापायलाच पायजे ना?"

"तापायला पाहिजे आणि निवायलाही पाहिजे, मावशी. आत एक सैल डबा आहे, वर-खाली होणारा. तो हवेला एकदा खाली आगीकडे लोटतो, एकदा वर गारव्याकडे. आगीपाशी हवा फुगते, दट्ट्या वर जातो. गारव्यापाशी आक्रसते, दट्ट्या खाली येतो. निवलीच नाही तर आक्रसणार कशी? आक्रसली नाही तर परत फुगणार कशी?"

जमुनाने तळहात उताणा-पालथा केला. मग सावकाश म्हणाली, "नाचनीची भाकर. तव्यावर टम्म फुगते, ताटलीत घेतली का बसते."

"बरोबर!"

"मंग माझी ताटलीच तापली व्हती. तव्यावरनं काढून तव्यावरच टाकीत व्हते." आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तिला हसू आलं. ते लगेच मावळलं. "म्हंजे जोर आगीचा नाय? गारव्याचा?"

"दोन्हीचा. दोन्हीतल्या फरकाचा."

"फरक," ती म्हणाली. "फरक म्हंजे काय वस्तू हाय का? फरक कसा ढकलंल?"

हर्षदाने माझ्याकडे बघितलं. मी शाळेला उशीर होतोय असं म्हणालो.

नळी तारेने साफ केली, तिच्या तोंडाला जुन्या धोतराचं फडकं गाळणी म्हणून बांधलं. पुतण्याचा विषय ढवळूबाबाने पुन्हा काढला नाही. मेच्या मध्यावर विहीरच आटली आणि यंत्राला करण्यासारखं काही उरलं नाही. सूर्यमाळच्या बाकी पाड्यांसारखे आम्हीही टँकरची वाट बघत बसलो. यंत्राने पाणी वर चढतं, जमिनीत ते आणता येत नाही. हे जमुनाला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

पण एक गोष्ट हर्षदाने जाता जाता सांगितली होती आणि ती जमुनाच्या डोक्यातून गेली नव्हती. आतली हवा आक्रसली की दट्ट्याला खाली ओढत नाही. बाहेरची हवा त्याला वरून दाबते. पाऊस सरला, विहीर भरली, भट्टी पुन्हा पेटायला लागली, तरी ती तेच धरून बसली. नोव्हेंबरातल्या एका सकाळी शाळेत आली.

"गुरुजी, बाहेरची हवा म्हंजे ही? ही आपल्यात हाय ती? ही दाबते?"

या वेळी मी तयारीत होतो. पेला काठोकाठ भरला, त्यावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला, हाताने धरून पेला उलटा केला आणि हात काढला. पुठ्ठा चिकटून राहिला. पाणी पडलं नाही.

"हे बघा. खालून हवा दाबतेय, म्हणून पुठ्ठा पडत नाही."

ती जवळ आली. वाकून पुठ्ठ्याखाली आपला तळहात नेला, इकडून तिकडे फिरवला, काही लागतंय का ते बघितलं.

"खालून?"

"खालून."

"आनि यंत्राला वरनं?"

"तिथे वरून. हवा सगळीकडून दाबते."

"मंग मला का दाबत नाय?"

"तुम्हालाही दाबते."

जमुनाने आपल्या दोन्ही दंडांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात पुठ्ठा भिजून सुटला आणि सगळं पाणी तिच्या पायावर सांडलं. मुलं खदखदून हसली.

"हे नाय पटलं," ती म्हणाली. "बाकीचं पटलं. हे नाय." लुगड्याच्या काठाने पाय पुसले, दारात टेकवून ठेवलेली घाणेरीची मोळी उचलली आणि विहिरीकडे चालू लागली. वर टाकीजवळ बायकांनी हंडे मांडायला सुरुवात केली होती.